‘समस्या’ नावाचा रकाना

एका महापालिकेच्या शाळांमधल्या समुपदेशकांचं काम मी समन्वयक म्हणून बघते. हे प्रकरण २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातलं. मुलगी ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. शहराचं, शाळेचं नाव देत नाही. बाकीचं जसं घडलं तसं लिहिते, माझ्या चुकांसकट.

आमचा कारभार असा होता. ३८ शाळा, पटावर साधारण १४ हजार मुलं आणि सहा समुपदेशक. चौघींकडे सहा-सहा शाळा, दोघींकडे सात-सात. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला आठवड्यातला जेमतेम एक दिवस. पाच जणी एम. ए. मानसशास्त्र, एक एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली. सगळ्या मानधनावर, ११ महिन्यांची नेमणूक, मग एक दिवसाचा खंड, की पुन्हा ११ महिने. मुलं त्यांना ‘ताई’ म्हणतात. शिकवतात त्या ‘बाई’ आणि ऐकून घेतात त्या ‘ताई’, हा फरक मुलांनीच पाडलेला. अमेरिकेतली शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना, ‘नॅस्प’, ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी शिफारस करते. आमच्याकडे एका ताईमागे २,३०० मुलं होती. तिथल्याही बऱ्याच शालेय जिल्ह्यांना ५०० चं प्रमाण जमत नाही, हाच काय तो दिलासा.

माझ्याकडे काय होतं? ताईंची हजेरीपत्रकं तपासायची, महिन्याची मानधनाची बिलं पुढे पाठवायची, जूनमध्ये शाळांचं वाटप करायचं, मासिक अहवाल एकत्र करून प्रशासन अधिकाऱ्यांना द्यायचा आणि मार्चमध्ये मुदतवाढीच्या टिपणावर ‘कामगिरी समाधानकारक’ असा शेरा मारायचा. याच टेबलावर बसून त्यांच्या अवघड केसेसमध्ये मार्गदर्शनही करायचं. ही दोन कामं एकाच माणसाकडे असण्यात काही खटकण्यासारखं आहे, असं मला सहा वर्षं वाटलं नव्हतं.

सोमवार

एप्रिलचा पहिला सोमवार. शाळा सकाळच्या झालेल्या. पावणेदहाला एका मुख्याध्यापकांचा फोन आला. “मॅडम, आठवी ब मधली एक मुलगी रोज उकाड्यात स्वेटर घालून बसते. बाईंनी आज बाही वर करून बघितली. हातावर खुणा आहेत. स्वतःच केलेल्या. आणि मुलगी म्हणते, तुमच्या ताईंना सगळं माहीत आहे.”

एरवी हे सर ‘आपल्या ताई’ म्हणायचे. त्या दिवशी ‘तुमच्या’ झाल्या.

ताई तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत होती. फोनवर मी विचारलं, “तुला कधी कळलं?” बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, “मागच्याच्या मागच्या गुरुवारी.” गुरुवार हा तिचा त्या शाळेचा दिवस. मध्ये आणखी एक गुरुवार येऊन गेला होता. अकरा दिवस.

रिक्षानं दोघी वेगवेगळ्या पोहोचलो. त्या शाळेत कागदावर समुपदेशन कक्ष आहे. प्रत्यक्षात ती एक खोली आहे, तिच्या अर्ध्या भागात मोडके बाक आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती. मुलगी खिडकीजवळ बसली होती, स्वेटर अंगातच. तिला दोन शिक्षिकांनी आलटून पालटून “असं का केलंस” हे विचारून झालं होतं. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि ताईला आत थांबायला. मुलीला सरळच विचारलं की जगणं नकोसं वाटतं का, मरून जावं असं कधी मनात येतं का. असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती आपल्या शिक्षकांमध्ये फार घट्ट बसलेली आहे. ती निराधार आहे. थेट विचारलं की बहुतेकदा मूल सुटकेचा श्वास टाकतं. ही मुलगी म्हणाली, “मरायचं नाहीये. पण रात्री खूप होतं.” काय होतं, ते तिनं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. कुणी तिचा लैंगिक छळ करत नव्हतं, एवढं त्या दिवशी विचारून घेतलं. तसं असतं तर पुढचा रस्ता वेगळा झाला असता: पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं भाग आहे आणि गप्प बसणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे.

बाहेर सरांनी लिपिकाला दाखल्याचं रजिस्टर काढायला सांगितलं होतं. “आईला बोलावलंय. दाखला घेऊन जा म्हणतो. उद्या काही झालं तर शाळा जबाबदार.” सर वाईट माणूस नाहीत. घाबरले होते. त्यांना सांगावं लागलं की आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षणहक्काच्या आरटीई कायदा २००९ चं कलम १६ आड येतं. कायदा सांगितल्यावर रजिस्टर मिटलं. समजूत पटली असं नाही, पण मिटलं.

आई चार घरची कामं करून येणारी. आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न हाच, “नाव काढणार का हो शाळेतून?” नाही म्हटल्यावर ती खाली बसली. मग मुलीनंच, ताईचा हात धरून, आईला बाही वर करून दाखवली. आईनं तो हात तोंडाजवळ नेला. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, मुलगी आणि ताई महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या ओपीडीत गेल्या. दाखल करायची गरज पडली नाही. पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा नंबर आईच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली होती. ती परीक्षा तिनं वेगळ्या वर्गात बसून दिली. मुलीबद्दल इतकंच. या प्रकरणाचा विषय ती नाही, आम्ही मोठी माणसं आहोत.

बुधवार

मुख्याध्यापकांनी लेखी मागणी केली: ताईंना कारणे दाखवा नोटीस द्यावी. मी तिला बुधवारी बोलावलं. नोटीस द्यायचीच या तयारीनं बसले होते, हे कबूल करते.

ती आपली स्वतःची डायरी घेऊन आली. अकरा दिवसांची नऊ पानं. कधी भेटली, काय विचारलं, मुलगी काय म्हणाली, पुढच्या वेळी काय विचारायचं, सगळं तारीखवार. धोका किती आहे याचा अंदाज तिनं पहिल्याच दिवशी घेतला होता आणि तो बरोबर होता. मुलीला स्वतःचा नंबर दिला होता, आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत मेसेजला उत्तरं देत जागत होती. एम. ए. च्या वेळच्या एका मैत्रिणीला नाव न सांगता सल्लाही विचारला होता. मी तिच्या जागी असते तर यातलं बरंचसं असंच केलं असतं. चुकलं एका ठिकाणी. पहिल्या गुरुवारी मुलगी बाही वर करण्याआधी म्हणाली, “कुणाला सांगणार नाही अशी शप्पथ घ्या,” आणि हिनं घेतली. त्यानंतर तोंड उघडणं म्हणजे मुलीला फसवणं झालं असतं, आणि न उघडणं तर दिवसेंदिवस जड होत चाललं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“मुदतवाढीचं टिपण तुमच्याकडेच होतं ना, मॅडम. केस हाताबाहेर गेली असं तुम्हाला वाटलं असतं तर?”

“मग निदान समुपदेशनाच्या वहीत तरी लिहायचं.”

“वही सरांच्या टेबलावर असते.”

नोटीस काढायची राहिलीच. ही दोन वाक्यं मी तिच्या समोर माझ्या डायरीत उतरवून घेतली. शप्पथ घेणं ही तिची चूक होती, पण पहिल्या भेटीत गोपनीयतेची हद्द मुलाला कशी सांगायची हे सहा वर्षांत कुठल्याही बैठकीत मी शिकवलेलं नव्हतं. आमच्या बैठका मासिक अहवालावर व्हायच्या.

वही

ती वही मीच तयार केलेली. दुसऱ्या वर्षी, तपासणी समिती येणार होती म्हणून. लांबडी, दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. रकाने: अ. क्र., दिनांक, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता व तुकडी, समस्या, दिलेला सल्ला, समुपदेशकाची सही, मुख्याध्यापकाची सही. समितीनं कौतुक केलं होतं. शाळेत कोणीही पाहुणा आला की सर ती पुढे करत. एका शाळेत तर शिपाईमामा पाहुण्यांना चहा देताना तिच्यावरच कप ठेवायचे. मुलांच्या नावांवर गोल डाग पडलेले मी पाहिले आहेत. तेव्हा मला फक्त डागांचा राग आला होता.

त्या आठवड्यात मी ३८ शाळांच्या वह्या मागवल्या आणि ‘समस्या’ हा एकच रकाना वाचत गेले. अभ्यासात लक्ष नाही. चंचल. मोबाईल. घरगुती. अभ्यासात लक्ष नाही. गैरहजर. भित्रा. मोबाईल. घरगुती. वर्षभरात एकाही वहीत जिवाच्या धोक्याची नोंद नाही, छळाची नाही. १४ हजार मुलांत, एकही नाही. मार्चच्या अहवालात मी हेच ‘गंभीर प्रकरणे: निरंक’ असं लिहून पाठवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

मग सहाही जणींना एकेकटीला विचारलं. ‘घरगुती’ हा त्यांच्यातला परवलीचा शब्द होता. बाप दारू पिऊन मारतो, तेही घरगुती. आई सोडून गेली, तेही घरगुती. काका रात्री खोलीत येतो असा संशय आहे, तेही घरगुती. हा शेवटचा प्रकार ऐकल्यावर मी ताबडतोब ती केस उघडायला लावली, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला आणि पोलिसांना कळवलं. ते वेगळं प्रकरण आहे. पण वहीतल्या त्या एका शब्दाखाली ते चार महिने पडून होतं, हे इथे नोंदवायला हवं.

आकड्यांचीही अशीच गंमत. मासिक अहवालात ‘समुपदेशन केलेले विद्यार्थी’ असा रकाना. वर्गावर जाऊन परीक्षेच्या ताणावर अर्धा तास बोललं की ४५ विद्यार्थी झाले. एका मुलीबरोबर सलग तीन गुरुवार बसलं की एक. जिचे आकडे मोठे तिचं मी बैठकीत नाव घ्यायची. बाकीच्यांनी काय शिकायचं ते शिकल्या.

काय बदललं

‘नॅस्प’च्या भूमिकेत देखरेखीचे दोन प्रकार वेगळे धरलेले आहेत. एक प्रशासकीय: हजेरी, वाटप, मूल्यमापन. दुसरी व्यावसायिक: केस कशी चालली आहे, कुठे अडली आहे, ताईला स्वतःला काय होतं आहे. दुसरी देखरेख त्याच विषयातल्या जाणकारानं करायची असते. हे मी एम. ए. ला वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारासाठी पदच नव्हतं, म्हणून ते आपोआप पहिल्यात मिसळून गेलं.

प्रशासन अधिकाऱ्यांशी बोलून तोंडी तोड काढली. हजेरी आणि बिलं मुख्य लिपिकांकडे गेली. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी महिन्यातून दोन शनिवार द्यायचं कबूल केलं. त्या बैठकीत मी बसायचं की नाही यावर ताईंनी मतदान केलं. चार विरुद्ध दोन: बसायचं नाही. वाईट वाटलं. दोन महिन्यांनी त्यांनीच बोलावलं, तेही एका अटीवर: आधी मी माझी एक बिघडलेली केस मांडायची. मांडली. पंधरा वर्षांपूर्वीची, एका मुलाची. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी ‘अभ्यासात लक्ष नाही’ सोडून दुसरं काही टेबलावर ठेवलं.

वहीचे दोन भाग केले. शाळेत राहील त्या वहीत तारीख, वेळ आणि एक क्रमांक, बस. नाव आणि मजकूर ताईच्या फाईलमध्ये, आणि फाईल कुलपाच्या कपाटात. हे एक वाक्य लिहायला सोपं आहे. सहा लोखंडी कपाटं मिळायला नोव्हेंबर उजाडला, कारण खरेदीच्या फाईलवर ‘समुपदेशकास कपाटाची आवश्यकता स्पष्ट करावी’ असा शेरा पडून ती दोनदा परत आली. तोवर फाईली ताई घरून पिशवीतून नेत-आणत होत्या. लोकलच्या गर्दीत. मला झोप लागत नसे.

पहिल्या भेटीत मुलाला काय सांगायचं, याचं एक वाक्य सगळ्यांनी मिळून घडवलं. चार बैठका लागल्या, कारण पुस्तकातलं वाक्य आठवीच्या मुलाला कळत नव्हतं. शेवटी हे ठरलं: “तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे, किंवा कुणी तुला त्रास देतंय असं दिसलं, तर मी एकटी गप्प बसणार नाही. कुणाला सांगणार ते मात्र आधी तुलाच सांगेन.” एका ताईनं ते चिकटवहीच्या कागदावर लिहून भिंतीला लावलं, तिच्या बघून बाकीच्यांनीही. आणि जिवाचा प्रश्न असेल तर शाळेच्या फाटकाबाहेर पडण्याआधी फोन करायचा: मला किंवा त्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना, दोघींपैकी जी उचलेल तिला. स्वतःचा नंबर मुलांना द्यायचा नाही, हेही ठरलं. पाळलं किती गेलं ते विचारू नका.

मुख्याध्यापकांचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. त्यांच्या सभेत एक अनुभवी बाई उठून म्हणाल्या, “माझ्या शाळेतल्या मुलीला काही झालं तर टीव्हीवाले माझ्या दारात येणार, आणि मलाच माहीत नसणार?” याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. अर्धं दिलं: धोका असेल तर तुम्हाला त्याच दिवशी कळेल, पण ‘काळजी घ्या, एकटं सोडू नका, अमुक दिवशी दवाखान्यात जाणार आहे’ इतकंच; त्यामागचं कारण कळणार नाही. काहींना पटलं. ज्या शाळेत हे घडलं त्या सरांना नाही. वर्षभर त्यांनी त्या शाळेवरच्या आमच्या ताईला, आधी हिला आणि मग हिच्या जागी आलेल्या नवीला, बदली तासांवर पाठवून तिचा गुरुवार खाल्ला.

दोन ठेचा याच काळात लागल्या. एका ताईनं मुलाच्या चिठ्ठीचा फोटो, नावासकट, आमच्या व्हॉट्सअप गटावर सल्ल्यासाठी टाकला. गट त्याच रात्री बंद केला. आणि जूनच्या शाळावाटपात मी एक शाळा या ताईकडून त्या ताईकडे दिली, पण तिथल्या चालू केसेसचं काय, हे कुणालाच विचारलं नाही. एक मुलगा दोन महिने कुणाच्याच यादीत नव्हता. वाटप करताना मी अजूनही बसचे मार्ग आधी बघते आणि मुलं नंतर, ही सवय जाता जात नाही.

ऑक्टोबरमध्ये उपायुक्तांनी अहवाल बघून विचारलं, “आधी महिन्याला ९०० मुलं होती, आता २४०. काम कमी झालं का?” वर्गावरची भाषणं आम्ही वेगळी मोजायला लागलो होतो. मी दीड पानाचं टिपण दिलं. त्यात एक आकडा होता: शाळा सुरू झाल्यापासून फाटकाबाहेर पडण्याआधी आलेले फोन, सात. आदल्या वर्षी निरंक. उपायुक्त म्हणाले, “म्हणजे परिस्थिती बिघडली?” नाही साहेब, ऐकू यायला लागली, असं काहीतरी मी बोलले. ते हसले आणि दोन्ही आकडे ठेवा म्हणाले.

ताई

नोटीस दिली नाही, मुदतवाढ मिळाली. तरी जुलैत तिनं राजीनामा दिला. एका खासगी शाळेत जवळजवळ दुप्पट पगार होता आणि शाळा एकच. जाण्याआधी एक गुरुवार तिनं मागून घेतला, नव्या ताईला घेऊन त्या मुलीला भेटायला. मुलगी तेव्हा नववीत, त्याच आवारातल्या माध्यमिक शाळेत. नवी ताई सांगते, मुलीनं पहिला प्रश्न केला, “ताई, माझ्यामुळे चाललात का?”

“नाही गं,” ती म्हणाली, “पगारामुळे.”

दोघी हसल्या म्हणे. मग नव्या ताईनं भिंतीवरचं वाक्य म्हणून दाखवलं आणि मुलीनं ते मध्येच तोडून पुढचं स्वतःच पुरं केलं.

सध्या

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. त्यानंतर आमच्याकडेही पदं वाढवायचा प्रस्ताव तयार झाला. माझ्याकडे अभिप्रायासाठी आला तेव्हा त्यात पदांची संख्या होती, शैक्षणिक पात्रता होती, मानधनाचा तक्ता होता. या सगळ्यांवर व्यावसायिक देखरेख कोण करणार, त्याचा रकानाच नव्हता. वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्या बाई अजून आपल्या शनिवारांवर, प्रवासखर्चाशिवाय येतात. मुदतवाढीचं टिपण मुख्य लिपिकांकडून फिरून शेवटी माझ्याच सहीला येतं, कारण तोंडी तोडगा फाईलवर नसतो.

प्रस्तावाच्या शेवटी ‘प्रपत्र क’ जोडलेलं होतं: समुपदेशन नोंदवहीचा नमुना. अभिलेखात तोच सापडला असणार. अ. क्र., दिनांक, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता व तुकडी, समस्या. मी पेन्सिलीनं तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यावर काट मारली, देखरेखीच्या पदाचा एक परिच्छेद समासात लिहिला आणि फाईल परत पाठवली. ती अजून खाली आलेली नाही.